लेकरांच्या हाताला माती लागावी म्हणून: हस्तकला कार्यशाळेचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

संग्रहालयाला पाठवायच्या पत्रात ‘भेट’ हा शब्द लिहिला, की भेटच मिळते. हे मला एका सहलीत कळलं. सातवीची चाळीस लेकरं घेऊन गेले होते. समोर चाकावर कारागीर दादा बसलेले, ओल्या मातीचा वास सुटलेला, आणि आमचं नाव फक्त पाहणीच्या यादीत. लेकरं दोरीच्या मागे उभी राहून बघत राहिली. अर्जात ‘कार्यशाळा’ हा शब्दच नव्हता, मग तिथले लोक तरी काय करणार? परतीच्या गाडीत एका मुलीने विचारलं, “मॅडम, माती गरम असते का थंड?” इतक्या लांब जाऊन तिला ते कळलं नव्हतं. म्हणून धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शिक्षकांसाठी आणि आपल्या कारागिरांसाठी ही सगळी प्रक्रिया सविस्तर लिहिते आहे.

आधी जागा ठरवा

जिवंत संग्रहालय म्हणजे जिथे घर, चूल, चाक, माग वापरात असलेले दिसतात आणि काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून शिकता येतं. खानदेशातून रेल्वेने सरळ जाता येईल असं मोठं ठिकाण म्हणजे भोपाळचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय. भुसावळहून खंडवा, इटारसी करत साधारण ४०० किलोमीटर. १९७७ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था १९७९ मध्ये भोपाळला आली. श्यामला टेकडीवर सुमारे २०० एकरांत आदिवासी, हिमालयातली, किनारपट्टीवरची, वाळवंटातली घरं उभी आहेत. ज्या समाजाचं घर, त्याच समाजातल्या लोकांनी येऊन ती आपल्या हातांनी बांधली. आवारात चित्रं असलेले प्राचीन शैलाश्रयही आहेत. तिथल्या शैक्षणिक उपक्रमाचं नाव ‘करो और सीखो’. वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर येऊन शिकवतात, जागा मर्यादित असतात, नाव आधी नोंदवावं लागतं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. सहलीचा बेत शनिवार-रविवार-सोमवार असा आखण्याची आपल्याला सवय आहे, तेव्हा हे आधी बघा.

जळगावात जैन हिल्सवर २०१२ पासून गांधी तीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय आहे, धुळ्यात इतिहासाचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. ही दोन्ही आवर्जून दाखवावी अशी ठिकाणं. पण लेकरांनी स्वतः काही करून बघावं हा हेतू असेल, तर कुठल्याही जागी ‘कार्यशाळा होते का, कोण शिकवतं, एका वेळी किती मुलं बसतात’ हे तीन प्रश्न फोनवर विचारूनच पुढे जा.

शाळेचा अर्ज

दोन परवानग्या लागतात, एक शिक्षण खात्याची आणि एक संग्रहालयाची. संग्रहालयाचं होकारपत्र आधी मिळवा. ते जोडलं की खात्यातली फाईल लवकर हलते. उलट केलं, तर तारीख मंजूर होते आणि त्या तारखेला कार्यशाळेत जागाच नसते.

संग्रहालयाला लिहायचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने. मी आता असं लिहिते:

“विषय: इयत्ता ७ वीच्या ४० विद्यार्थ्यांसाठी मातीकाम कार्यशाळेत प्रत्यक्ष सहभाग मिळणेबाबत. विद्यार्थ्यांना केवळ पाहणी न करता कारागिरांच्या मार्गदर्शनाखाली स्वतः वस्तू घडवायची आहे. २० विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या करण्याची आमची तयारी आहे. सोबत ४ शिक्षक असतील, त्यांपैकी २ शिक्षिका. साहित्य शुल्क, वेळ आणि बनवलेली वस्तू सोबत नेता येईल का, हे कृपया कळवावे.”

शेवटचं वाक्य वगळू नका. भट्टीत न भाजलेलं भांडं गाडीत फुटतं आणि लेकरू रडतं.

होकार आला की शिक्षण खात्याकडे. जिल्हा परिषदेच्या शाळेचा प्रस्ताव केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जातो, हायस्कूलचा शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे. परराज्यातली सहल असेल तर मंजुरी कोणत्या पातळीवर होणार हे पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्या. आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, आणि कागद तिथपर्यंत जाणार असेल तर त्याचे दिवस वेगळे धरावे लागतात. मी दोन महिने हातात ठेवते.

प्रस्तावासोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, विद्यार्थ्यांची यादी (नाव, इयत्ता, वय, पालकांचा मोबाईल), प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र, सोबतच्या शिक्षकांची यादी, तारीख-वेळेसह कार्यक्रम, प्रवास आणि मुक्कामाचा तपशील आणि संग्रहालयाचं पत्र. संमतीपत्रात मुलाचा काही आजार किंवा ॲलर्जी असेल तर त्यासाठी वेगळी ओळ ठेवा. फोटो काढायला परवानगी आहे का, हेही तिथेच विचारा. ज्या आई-वडिलांना लिहिता येत नाही त्यांचा अंगठा घेताना मजकूर त्यांना वाचून दाखवा, अहिराणीत, पावरीत, भिलीत, त्यांच्या घरात जी बोलतात तिच्यात. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नसलं तरी मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

प्रवासाची सवलत मागायला बऱ्याच शाळा विसरतात. एसटी शैक्षणिक सहलीला ५० टक्के सवलत देते, अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावाने करायचा. रेल्वेत शैक्षणिक सहलीसाठी द्वितीय आणि शयनयान श्रेणीत सर्वसाधारण विद्यार्थ्यांना ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत आहे. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळेला वर्षातून एकदा अभ्यास सहलीसाठी द्वितीय श्रेणीत ७५ टक्के मिळते. मात्र सवलतीचा आदेश हातात आल्यावरच तिकीट काढायचं, आधी काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. मध्य रेल्वेचं विभागीय कार्यालय भुसावळलाच आहे, त्यामुळे जळगावच्या शाळांना हे काम एका दिवसात विचारून येता येतं.

सहल जमत नसेल तर कारागिराला शाळेत बोलवा

मला तर हाच मार्ग जास्त पटतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे कुंभारदादांना शाळेत बोलावण्याचा आधार धोरणातच आहे. समितीच्या ठरावात त्याचा उल्लेख करा, खर्चाला मंजुरी घेणं सोपं जातं.

आणि खानदेशात शिकवायला काय कमी आहे? १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून सारी सजावट उभी केली होती. ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन गांधीजींनी केलं. एरंडोल एके काळी हातकागदासाठी ओळखलं जायचं. शिकणारे हात उरले नाहीत की कसब कुठे जातं, हे त्यातून कळतं.

आमच्या शाळेत मी खापर करणाऱ्या काकांना बोलावलं होतं. खापर म्हणजे ज्याच्या पाठीवर आपले मांडे भाजले जातात, ते. चाकावर गोळा उघडून त्यांनी तोंड घडवलं आणि जरा सुकू दिलं. मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने हळूहळू ठोकायला लागले. टप, टप, टप, आणि भिंत पातळ होत पसरत गेली. मी मुलांना मागे सरकवत होते, तर काका म्हणाले, “मॅडम, पोरेसले हात लाऊ द्या. फुटनं ते फुटनं.” एका मुलाने थापी जोरात मारली, काठाला चीर गेली. काकांनी थुंकीने बोट ओलं करून ती बुजवली आणि थापी परत त्याच्याच हातात दिली.

पण त्या काकांचं मानधन तीन महिने अडलं. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव यांत एका अक्षराचा फरक होता, आणि ते कारागीर आहेत हे सांगणारा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. चाळीस वर्षं चाक फिरवलेल्या माणसाकडे पुरावा मागितला गेला. मला त्यांच्या घरी जायची लाज वाटत होती. म्हणून पुढचा भाग कारागिरांसाठी.

कारागिराची नोंदणी: पीएम विश्वकर्मा

पारंपरिक कारागिरांसाठीची केंद्र सरकारची ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय आहेत: सुतार, होड्या बांधणारे, शस्त्र घडवणारे, लोहार, हातोडी व अवजारं करणारे, कुलूप बनवणारे, सोनार, कुंभार, मूर्तिकार व पाथरवट, चर्मकार, गवंडी, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे, न्हावी, हार बनवणारे, परीट, शिंपी आणि मासेमारीची जाळी विणणारे. बुरूड कामाचे आपले कारागीर टोपल्यांच्या गटात येतात.

पात्रता अशी. वय १८ पूर्ण. हाताने आणि अवजारांनी, असंघटित क्षेत्रात, स्वतःचा व्यवसाय म्हणून हे काम चालू असलं पाहिजे. गेल्या ५ वर्षांत पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम), मुद्रा किंवा पीएम स्वनिधीसारख्या योजनेतून कर्ज घेतलेलं नसावं, पण मुद्रा आणि स्वनिधीचं कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तर अर्ज करता येतो. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. एका कुटुंबातून एकालाच लाभ, आणि इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. लग्न झालेला मुलगा वडिलांबरोबर त्याच चाकावर काम करत असला तरी तो वेगळा अर्ज करू शकतो. हे माहीत नसल्यामुळे अनेक घरांत दुसरा अर्ज केलाच जात नाही.

कागदपत्रं मोजकीच आहेत: आधार, आधारला जोडलेला मोबाईल, बँक पासबुक आणि रेशनकार्ड. रेशनकार्ड नसेल तर घरातल्या सगळ्यांचे आधार. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रावर अंगठ्याच्या ठशाने होते, त्यामुळे माणसाला स्वतः जावं लागतं. मातीत, बांबूत काम करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा पहिल्या फेरीत उमटत नाही. आदल्या दिवशी काम बंद ठेवून रात्री हाताला तेल लावायला सांगा, सकाळी हात स्वच्छ धुवून जा. तरी जमलं नाही तर आधी आधार केंद्रावर ठसे अद्ययावत करून घ्या. नोंदणीला कारागिराकडून पैसे घ्यायचे नसतात.

योजनेचं एकूण उद्दिष्ट ३० लाख कारागिरांचं आहे, म्हणून केंद्रावर जाण्याआधी नवीन नोंदणी चालू आहे का ते १८००२६७७७७७ या मोफत क्रमांकावर विचारा. नाहीतर मजुरी बुडवून हेलपाटा होतो.

अर्जाची तपासणी तीन टप्प्यांत होते: ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मग जिल्हा समिती, शेवटी छाननी समिती. पहिला टप्पा गावातच असल्यामुळे तिथे पाठपुरावा करणं सोपं. सरपंचांना भेटा, अर्ज क्रमांक दाखवा. मंजुरीनंतर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. शाळेला किंवा संग्रहालयाला दाखवायचा कागद हाच. पुढे ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. कर्ज हवंच असेल तर ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचं, त्यानंतर २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांत. कर्ज घेण्याची सक्ती नाही. ज्यांना फक्त ओळख हवी आहे त्यांनीही नोंदणी करावी.

आपल्या भागातली चित्रकला, गोधडी, मण्यांचे दागिने या १८ मध्ये बसत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांचं ‘पहचान’ कारागीर ओळखपत्र आहे. त्यालाही आधार, फोटो आणि प्रत्यक्ष काम दाखवण्याची तयारी लागते.

नाव, आडनाव, वडिलांचं नाव हे आधार, पासबुक आणि रेशनकार्डावर अक्षरशः सारखं आहे का, ते सगळ्यात आधी तपासा. शाळेने कारागिराला बोलावण्याआधी पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत घेऊन हे काम स्वतः करावं. मी आता निमंत्रणाच्या दिवशीच करते.

तारखेबद्दल एवढंच. मातीचं काम पावसाळ्यात ठेवू नका, भांडी सुकत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारी चांगले. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल कारागिरांना बोलवायचं असेल तर होळीच्या आधीचे भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासी बाजार-जत्रेचे दिवस सोडा, त्या वेळी ते आपापल्या गावी असतात. आणि तारीख पक्की करण्याआधी त्यांनाच फोन करून विचारा.