ठिपक्यांत न बसणारा तारामासा

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने हट्ट धरला, की यंदा दारात मोर नको, कमळ नको, तारामासा काढायचा. मे महिन्यात कोकणात ओहोटीच्या ओल्या वाळूत अर्धा रुतलेला एक जिवंत तारामासा तिने पाहिला होता आणि तेव्हापासून तिच्या वह्यांची मागची पानं त्यानेच भरली होती. गेरू लावून झाला, ठिपक्यांचा कागद अंथरून 15 ते 8 ठिपके पाडले. पहिल्यांदा सहा भुजांची चांदणी आली. ती पुसून चौकोनी मांडणीचे ठिपके घेतले. आता भुजा पाच झाल्या, पण वरची एक सरळ, खालच्या दोन फेंगड्या आणि बाजूच्या दोन आखूड. "मावशी, माझं कुठे चुकतंय?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. ठिपक्यांच्या रांगोळीत पाच सारख्या भुजांची चांदणी काढताच येत नाही. ठिपके शंभर घ्या नाहीतर लाख, सरळ रांगांचे घ्या नाहीतर मधले घ्या, पाचही टोकं ठिपक्यांवर येणार नाहीत. हे सिद्ध करता येतं, आणि ती सिद्धता मला इतकी आवडते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

पेन्सिल न उचलता आपण शाळेत जी चांदणी काढायचो, ती काढा. टोकांना कडेकडेने गोल फिरत ओळीने क, ख, ग, घ, च अशी नावं द्या. आता घटकाभर असं धरून चालू, की ही पाचही टोकं बरोबर ठिपक्यांवर आली आहेत. चांदणीच्या दोन रेषा बघा: क पासून घ पर्यंत जाणारी आणि ग पासून च पर्यंत जाणारी. त्या चांदणीच्या पोटात एका बिंदूवर एकमेकींना छेदतात. शेजारशेजारची टोकं जोडून बाहेरचा पंचकोन काढला, तर पहिली रेषा त्याच्या ख-ग या बाजूला समांतर असते, दुसरी क-ख या बाजूला. म्हणजे क, ख, ग आणि तो छेदनबिंदू मिळून एक समभुज चौकोन होतो. ठिपक्यांच्या मांडणीचा गुण असा, की अशा चौकोनाचे तीन कोपरे ठिपक्यांवर असले तर चौथाही ठिपक्यावरच पडतो. ख पासून क ला पोचायला जितके ठिपके आडवे आणि जितके उभे जावं लागलं, तितकेच ग पासून गेलं की आपण त्या चौथ्या कोपऱ्यावर उभे असतो. तिथे ठिपका असलाच पाहिजे.

चांदणीच्या पोटात असे पाच छेदनबिंदू आहेत. प्रत्येकाला हाच न्याय लावला की पाचही ठिपक्यांवर येतात आणि त्यांचा एक छोटा, उलटा, नियमित पंचकोन होतो. त्या पंचकोनात पुन्हा चांदणी काढता येते. तिच्या पोटात आणखी छोटा पंचकोन, त्यात आणखी छोटी चांदणी. दर खेपेला आकार आधीच्या 0.382 पट होतो. हे कधी थांबतच नाही, आणि तरी प्रत्येक पंचकोनाचे कोपरे ठिपक्यांवरच! पण दोन ठिपक्यांमध्ये किमान अंतर असतं. आपल्या रांगोळीत ते बोटभर होतं. बोटभर अंतरावरच्या ठिपक्यांत मोहरीएवढा पंचकोन बसणार कसा? म्हणजे सुरुवातीला आपण जे धरून चाललो होतो, तेच अशक्य आहे.

चार आणि सहा भुजांना ही अडचण येत नाही, म्हणून आपल्या रांगोळ्यांत चार, सहा पाकळ्यांची रेलचेल असते. स्फटिकांतही अणू ठिपक्यांसारखेच ठरावीक अंतरांनी पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे स्फटिकात पाचपदरी सममिती, म्हणजे एक पंचमांश फेरी फिरवलं तरी तसंच दिसणं, असूच शकत नाही असं पक्कं मानलं जाई. 1982 मध्ये डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम आणि मँगनीजच्या मिश्रधातूत ती दिसली. तिथे अणूंची रचना नियमबद्ध होती, पण पुनरावृत्ती होणारी नव्हती. या शोधाला 2011 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चित्रकारांनाही हा पाचाचा आकडा छळत आलेला आहे. एकाला एक चिकटून फट न ठेवता कागद भरणाऱ्या आकृत्यांचा डच चित्रकार एशर याने 1963 मध्ये एका कंपनीसाठी पत्र्याचा डबा सजवला. वीस समभुज त्रिकोणांच्या त्या डब्यावर त्याने शिंपले आणि तारामासे काढले. ही निवड भूमितीच्या दृष्टीने फार मोठी आहे. सपाट कागदावर एका बिंदूभोवती सहा समभुज त्रिकोण चपखल बसतात. त्यातला एक कापून काढा आणि कडा जोडा: कागद वर उचलला जातो, टोपी होते आणि टोकाशी आता पाच त्रिकोण असतात. वीस त्रिकोणांच्या त्या घनाला अशी बारा टोकं आहेत आणि प्रत्येक टोक पाच भुजांसाठी जणू मापानेच शिवलेलं आहे. सपाट जमिनीवर ज्याला जागा नाही, त्याला बाक दिलेल्या पृष्ठभागावर बारा जागा मिळतात. भाचीला मी हेच कार्डबोर्डचे त्रिकोण कापून दाखवलं आणि त्या दिवाळीत तारामासा दारात न येता आकाशकंदिलावर गेला.

मग प्रत्यक्ष तारामाशाला हे पाच कुठून मिळतात? त्याला ठिपक्यांची मांडणी भरायची नसते, एकच शरीर घडवायचं असतं, त्यामुळे वरचं बंधन त्याला लागू नाही. पण त्याची स्वतःची गोष्ट जास्त अद्भुत आहे. तारामासा मासा नाही. शाळेत शिकलेल्या कंटकचर्मी संघातला तो प्राणी. अंड्यातून बाहेर येणारा त्याचा डिंभ आपल्यासारखाच असतो: डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही आरशातल्यासारख्या. काही आठवडे तो पाण्यात तरंगतो. मग त्याच्या शरीरातल्या डाव्या बाजूच्या एका पोकळीला पाच फुगवटे येतात. पोकळी वाकून कडं तयार होतं, फुगवटे लांबतात, आणि तीच पुढे नलिकापादांना, म्हणजे त्याच्या नळीसारख्या बारीक पायांना, पाणी पुरवणारी पाच नळ्यांची व्यवस्था होते. डिंभाचं उरलेलं शरीर बहुतांशी शोषलं जातं. म्हणजे ही पाच भुजांची सममिती डिंभाच्या एकट्या डाव्या अंगातून उमलते!

2023 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनाने यात भर घातली. इतर प्राण्यांच्या डोक्याकडच्या भागात जी जनुकं काम करतात, ती तारामाशाच्या भुजेच्या मधल्या रेषेपासून कडांकडे क्रमाने जागी झालेली आढळली. धडाची म्हणून ओळखली जाणारी जनुकं त्वचेत जवळजवळ गप्प होती. 'तारामासा म्हणजे नुसतं डोकं' अशा बातम्या त्यावरून झाल्या. मथळा म्हणून ठीक, पण त्याला आपल्यासारखा मेंदू नाही, हेही त्याच बातमीत ठळक यायला हवं होतं.

इथे एका गोष्टीबद्दल बोलणं मला गरजेचं वाटतं. तारामाशाच्या फोटोवर सोनेरी रेषा आखून 'निसर्गाचं गुप्त सूत्र 1.618' असं सांगणारी चित्रं दर आठवड्याला कुणीतरी पाठवतं. ते गुणोत्तर भूमितीतल्या चांदणीत खरोखर आहे, वरचं 0.382 त्याच्याच घरातलं. पण प्राण्यात ते शोधायचं तर मोजायला हवं. अभ्यासक केंद्रापासून भुजेच्या टोकापर्यंतचं अंतर आणि केंद्रापासून दोन भुजांमधल्या खाचेपर्यंतचं अंतर मोजतात. आदर्श चांदणीत पहिलं दुसऱ्याच्या 2.618 पट असतं. कुल्सिटा नावाचा तारामासा उशीसारखा फुगीर पंचकोनी असतो, त्याच्यात ही दोन अंतरं जवळपास सारखी येतात. निळ्या लिंकियाच्या भुजा बोटांसारख्या लांब, तिथे हा आकडा कितीतरी वर जातो. सूर्यतारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांना तर भुजाच आठ, दहा, त्याहून जास्त. फोटो निवडून रेषा आखल्या की कुठलंही सूत्र सापडतं. मुलांना चित्रकला शिकवताना तरी हे शिकवू नये, कारण मग मुलं समोरचा प्राणी पाहायचंच सोडतात.

न पाहण्याचा हाच धोका मोठ्या माणसांनाही असतो. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल 1881 च्या नोव्हेंबरात श्रीलंकेला जाताना मुंबईत उतरला होता. 1904 मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या निसर्गातल्या कलारूपांच्या शंभर चित्रपानांत तारामासेही आहेत, आणि त्यांच्यापुढे मी तासन् तास बसले आहे. पण सममितीचं त्याला वेड होतं आणि त्याचे प्राणी समुद्रात असतात त्याहून नीटनेटके दिसतात. खरा तारामासा वरून काढायला घ्या. पाठीवर, मधोमध नाही तर एका बाजूला, दोन भुजांच्या मधे चाळणीसारखी एक छोटी गोल चकती दिसेल. पाण्याच्या नळ्यांचं ते बाहेरचं तोंड. ती एवढीशी चकती पाचाची सममिती मोडते. ती काढली की चित्र झेंड्यावरची चांदणी राहत नाही. आता तो उलटा करा. प्रत्येक भुजेच्या मध्यातून एक खाच जाते आणि तिच्या दोन्ही कडांना नलिकापाद, तोंडाजवळ मोठे, टोकाकडे बारीक होत गेलेले. भुजेचं टोक सर्वांत आधी तयार झालेलं असतं आणि नवे पाय त्याच्या लगेच मागे फुटत जातात, म्हणून तिथले पाय सगळ्यात लहान. टोकावर लाल ठिपका दिसला तर तो डोळा आहे.

हे पाय शोषून धरतात असं आपण शिकलो, पण खडकाला धरून ठेवण्याचं मुख्य काम त्यांच्या टोकांतून पाझरणारा डिंक करतो. निघताना ते दुसरा एक स्राव सोडून स्वतःला मोकळं करतात आणि डिंक खालीच राहतो. अभ्यासक तारामाशाला काचेवर चालू देतात आणि मग ती काच जांभळ्या रंगात बुडवतात. काच उजेडात धरली की तारामासा जिथून गेला तिथे जांभळे, गोल, एकेका पायाचे ठिपके उमटलेले असतात.