अंतराळसफर: मामला उंचीचा कमी, वेगाचा जास्त

2001 साली अमेरिकन उद्योजक डेनिस टिटो स्वतःच्या खर्चाने रशियाच्या सोयूझ यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि आठवडाभर राहून आले. तेव्हापासून हौशी प्रवाशांची ये-जा सुरू आहे. पण अंतराळसफर या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे प्रवास मोडतात.

एक म्हणजे निव्वळ उडी. ब्लू ओरिजिन या अमेरिकन कंपनीचं न्यू शेपर्ड रॉकेट जेमतेम 100 किलोमीटरच्या वर जातं. तीनेक मिनिटं वजनरहित तरंगायला मिळतं आणि उड्डाणापासून दहा-अकरा मिनिटांत कॅप्सूल पॅराशूटने जमिनीवर येते. दुसरा प्रवास पृथ्वीभोवतीच्या कक्षेतला. स्थानक 400 किलोमीटरवर, म्हणजे उडीच्या चौपट उंच. त्यामुळे कष्टही चौपट असावेत असं वाटतं. तसं नाही. न्यू शेपर्डचा कमाल वेग ताशी साधारण 3,500 किलोमीटर असतो, कक्षेत टिकायला ताशी 28,000 लागतात. वेग आठपट झाला की गतिज ऊर्जा (वेगामुळे मिळणारी ऊर्जा) दर किलो वजनामागे चौसष्टपट होते. कक्षेत जाणाऱ्या रॉकेटच्या वजनात सुमारे नव्वद टक्के इंधनच असतं, ते यामुळे.

तिथे गुरुत्वाकर्षण संपतं हा समजही सोडून द्यायला हवा. 400 किलोमीटरवर ते जमिनीवरच्या सुमारे 89 टक्के असतं. यान सतत पडतच असतं, फक्त आडवं इतकं वेगात जातं की पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून तेवढीच वळत राहते. आतली माणसंही यानाबरोबर पडत असतात, म्हणून तरंगतात.

मिळवलेला हा सगळा वेग परतताना जिरवावा लागतो. खरी धास्ती इथे. सोयूझचं इंजिन साडेचार-पावणेपाच मिनिटं उलटं चालवून वेग सेकंदाला फक्त 120 मीटरच्या आसपास कमी करतात. उरलेलं काम हवा करते. ही उष्णता मुख्यतः घर्षणाची नसते. यानापुढची हवा अचानक दाबली जाते आणि भयंकर तापते. उतरण्याचा कोन जास्त तीव्र झाला तर प्रवाशांवर आठ-नऊ जीचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊपट, भार येऊ शकतो. यानाच्या उष्णतारोधक कवचाला इजा झाली असेल तर काय होतं ते 1 फेब्रुवारी 2003 ला दिसलं: उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा आदळून कोलंबिया या अमेरिकन स्पेस शटलच्या डाव्या पंखाला भोक पडलं होतं, परतताना तप्त वायू आत शिरला आणि सातही अंतराळवीर गेले. सोयूझ 11 चे तिघे अंतराळवीर 1971 मध्ये गेले ते एक झडप अवेळी उघडून आतली हवा निघून गेल्यामुळे. अंगावर दाबपोशाख (आत हवेचा दाब टिकवणारे पोशाख) नव्हते. सोयूझमध्ये उड्डाण आणि परतीच्या वेळी पोशाख सक्तीचा झाला तो त्यानंतर.

कक्षेतले पहिले दोन-तीन दिवस जाहिरातीत दाखवत नाहीत. निम्म्याहून अधिक प्रवाशांना मळमळतं, कारण डोळे एक सांगतात आणि अंतर्कर्ण (कानाचा तोल सांभाळणारा आतला भाग) दुसरंच. उपाय साधे: मान झटक्यात वळवायची नाही, सहप्रवाशांचं डोकं ज्या दिशेला तीच 'वरची' बाजू धरायची, गरज पडली तर औषध. रक्त आणि पाणी पायांकडून डोक्याकडे सरकतं, त्यामुळे चेहरा सुजतो आणि नाक चोंदतं. झोपताना पंख्याचा झोत लागतो. गरम हवा तिथे वर जात नसल्याने एरवी श्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो आणि डोकं दुखायला लागतं. माणूस दिवसाला हा वायू किलोभर सोडतो. तो शोषून घेणारी यंत्रणा बंद पडली, तर ऑक्सिजन शिल्लक असतानाही माणसं गुदमरतील.

मुक्काम महिन्यांचा असेल तर रोज दोनेक तास व्यायाम अटळ, नाहीतर कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्याने घटते. परतीच्या काही तास आधी मिठाच्या गोळ्या आणि भरपूर पाणी घ्यायचं असतं. अंतराळात शरीराने 'जादा' समजून पाणी टाकून दिलेलं असतं. ते भरून काढलं नाही, तर जमिनीवर उभं राहताच रक्त पायांत उतरतं आणि भोवळ येते.