दुसरा दगड कोण मारतो?

टीव्हीवर डिबेट सुरू झाली की दहा मिनिटांत गाडी एकाच प्रश्नावर येते, मुसलमान मुख्य प्रवाहात आहेत का नाहीत. एक जण म्हणतो नाहीत, दुसरा म्हणतो आहेतच की, तिसरा कुठला तरी सर्व्हे काढून टक्केवारी फेकतो. मला त्या भांडणात पडायचं नाही, पडून काय होतं ते फॅमिली ग्रुपवर आपण सगळ्यांनी बघितलंय. पण त्या टक्केवारीवर बोलायचंय, कारण दंगल म्हणा, कट्टरता म्हणा, देशाची एकता म्हणा, "सरासरी माणसाच्या मनात काय आहे" हे मोजून यातलं फार थोडं कळतं. का कळत नाही त्याचं एक गणित आहे आणि ते लई भारी आहे.

कोल्हापूरचंच घ्या. इथं तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि नाचवायला हिंदू पोरं पुढं असतात. जिल्ह्यातल्या कुरुंदवाडात तर पाच मशिदींत गणपती बसतो. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं, अल्लादिया खाँसाहेब इथल्याच दरबारात गायले, आबालाल रहिमान इथलेच चित्रकार. आणि याच गावात औरंगजेब-टिपूच्या स्टेटसवरून ७ जून २०२३ ला बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, इंटरनेट बंद. असं काही झालं की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "आतनं सगळ्यांच्या मनात विषच होतं, आता बाहेर आलं." दोन, "आपल्यातली नव्हतीत वो, बाहेरनं आलेली पोरं." वाक्यं उलटी वाटतात पण दोन्हींचा पाया एकच, की निकाल वाईट लागला म्हणजे माणसं तेवढी वाईट असणारच.

१९७८ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं हा पायाच काढून टाकला. तो म्हणाला, प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो, म्हणजे आपल्या आधी किती जणांनी केलं की मग मी पण करीन, तो आकडा. समजा एका चौकात १०० जण उभे आहेत. एकाचा उंबरठा ०, तो कुणाची वाट बघत नाही, डोकं फिरलं की दगड उचलतो. दुसऱ्याचा १, म्हणजे एकानं मारला की तो मारणार. तिसऱ्याचा २, चौथ्याचा ३, असं करत शेवटच्याचा ९९, हा बिचारा घरी बायकापोरं असलेला सरळ माणूस, सगळं गाव उतरल्याशिवाय हलणार नाही. आता काय होईल? शून्यवाल्यानं पहिला दगड मारला, ते बघून १ वाल्यानं, दोघांना बघून २ वाल्यानं, शिडीच्या पायऱ्या चढल्यासारखं थेट ९९ पर्यंत. शंभरच्या शंभर दंगलीत!

आता फक्त एक माणूस बदला. ज्याचा उंबरठा १ होता त्याचा २ करा, बाकीचे ९९ जण जसेच्या तसे, तीच जात, तोच धर्म, तीच मतं. शून्यवाला दगड मारतो आणि मागं बघतो तर कुणीच नाही. १ वाला शिल्लकच नाही, २ वाले दोघं आहेत पण त्यांना आधी दोन जण उतरलेले दिसायला पाहिजेत आणि उतरलाय एकच. खेळ खल्लास. पहिल्या चौकाची बातमी येईल "संतप्त जमावाचा धुडगूस, शहर पेटलं" आणि दुसऱ्याची आतल्या पानावर "माथेफिरूनं काच फोडली". पहिल्या बातमीवर तज्ज्ञ बोलावून त्या समाजाच्या मानसिकतेवर तासभर चर्चा होईल, दुसऱ्यावर कुणी बोलणार पण नाही, आणि दोन चौकांत फरक एका माणसाचा, तोही एका आकड्याचा.

इथपर्यंत सोपं आहे, खरी गंमत पुढं आहे. बारावीतला बेल कर्व्ह आठवा, बहुतेक माणसं मधोमध आणि टोकाला थोडी. समजा शंभर जणांच्या उंबरठ्यांची सरासरी २५ आहे आणि ती आपण हलवायचीच नाही. हलवायचं ते प्रमाण विचलन, म्हणजे माणसं त्या २५ पासून किती लांब लांब पसरलीत ते. मग ग्राफ काढायचा, आडव्या रेघेवर आत्ता किती जण उतरलेत आणि उभ्या रेघेवर तेवढे बघून एकूण किती जण उतरायला तयार होतील. त्याच्यावर ४५ अंशाची तिरकी रेघ मारायची, वक्र त्या रेघेला पहिल्यांदा जिथं छेदतो तिथं उतरलेले आणि उतरायला तयार असलेले सारखेच होतात, म्हणून गर्दी तिथं थांबते. विचलन वाढवत न्या, १०, ११, १२, तरी वक्र रेघेला खालीच छेदतो, फार तर चार-पाच टवाळ पोरं दगड मारतात आणि विषय संपतो. १२.२ च्या आसपास वक्र रेघेला नुसता चाटून जातो. त्याच्या केसभर पुढं गेलात की खालचा छेद नाहीसाच होतो, पुढचा छेद डायरेक्ट वर, जवळजवळ शंभरपाशी. म्हणजे सरासरी २५ ची २५ च, पसारा किंचित वाढला, आणि दंगलखोर ६ वरनं १००. एक्सेलमध्ये कुणालाही करून बघता येतं, मी बऱ्याच जणांना करून दाखवलंय आणि प्रत्येक जण आधी फॉर्म्युलाच चुकलाय म्हणतो.

ज्यांचं डोकं वरच्या पॅऱ्यात गरम झालं त्यांनी एवढंच लक्षात ठेवा की सर्व्हे सरासरी सांगतो आणि चौकातला निकाल ठरतो पसाऱ्यावर. सरासरी कोल्हापूरकर कालच्यापेक्षा एका टक्क्यानंही जास्त कडवा झालेला नसताना शहर पेटू शकतं, आणि माणसं मनातनं एकमेकांना शिव्या घालत असताना पण वर्षानुवर्षं काही होत नाही असंही होऊ शकतं.

उंबरठा हा काही जन्मजात गुण नाही. तोच पोरगा दिवसा आईबरोबर बाजारात असेल तर ६०, रात्री मित्रांत असेल तर १०. आणि तो मोजतो ते "दिसलेली" माणसं, खरी किती हे त्याला कुठं माहीत असतंय. चौकात तिघंच असतात पण मोबाईलवर दुसऱ्या राज्यातला चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ "आत्ताचा आहे, पुढे पाठवा" म्हणून आलेला असतो, त्यात पन्नास जण दिसतात, झालं, ४० वाला पण उतरला. (अर्थात पहिला दगड कधी कधी कुणीतरी ठरवून मारायला लावतं, शून्यवाले तयार करता येतात हे मान्यच. पण एकट्या शून्यवाल्याच्यानं शहर पेटत नाही, त्याला १, २, ३ लागतातच.)

याच्यावरनं "रक्तातच आहे", "डीएनए टेस्टमध्ये सिद्ध झालंय" वाल्या फॉरवर्डबद्दल दोन शब्द. भारतातल्या मुसलमानांवर जे जनुकीय अभ्यास झालेत त्यांत ते बहुतांशी आपापल्या भागातल्या शेजाऱ्यांच्याच जवळचे निघालेत, आणि दगड मारायचा जीन अजून कुठल्याच धर्मात सापडलेला नाही. तसंच ते संभाव्य कट्टरवादी ओळखणारं सॉफ्टवेअर. २०११ च्या जनगणनेत देशात १७.२२ कोटी मुसलमान आहेत, समजा असली टेस्ट ९९ टक्के अचूक निघाली, तरी उरलेल्या एका टक्क्यात १७ लाख निरपराध माणसं संशयित होणार. हिंदूंना लावली तर आकडा आणखी मोठा. आणि निरपराध पोराला चार वेळा पोलीस ठाण्यात बोलावलं तर त्याचा उंबरठा वर जाईल का खाली, तुम्हीच सांगा.

बरं, मग करायचं काय? सणाच्या आधी शांतता कमिटीची बैठक होते, चहा-बिस्किटं, नगरसेवक, मौलाना, मंडळांचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. सगळी चांगली माणसं, पण मॉडेलनुसार बघितलं तर यांचा उंबरठा ८०-९० च्या वरचा, यांना आणखी शांत करून चौकातल्या निकालात काडीचा फरक पडत नाही. ज्याचा उंबरठा १ किंवा २ आहे तो कोपऱ्यावर गाडीवर बसलेला पोरगा, त्याला बैठकीचं निमंत्रणच नसतं. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला भीषण दंगली झालेल्या. नंतर तिथं डीसीपी म्हणून आलेल्या सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या केल्या, त्यांत पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं घेतली आणि त्यांना बीटच्या पोलिसांशी जोडलं. १९९२-९३ ला शेजारी मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ च्या हिंदू-मुस्लिम दंगली मोजल्या तर जवळपास ४६ टक्के मृत्यू फक्त आठ शहरांतले निघाले. अख्ख्या देशाचा प्रश्न म्हणून ज्याच्यावर रोज रात्री आरडाओरडा चालतो तो असा गल्लीबोळातला निघतो. जिथं दंगली टळल्या तिथं दोन्हीकडची माणसं व्यापारी संघटना, युनियन, क्लब असल्या ठिकाणी एकत्र होती, अफवा आली की एक फोन करून खरं-खोटं करायला माणूस होता.

आणि आपल्या कोल्हापुरात फुटबॉल आहे की! सल्मा मूसा या संशोधिकेनं इराकमध्ये आयसिसमुळं विस्थापित झालेल्या ख्रिश्चन खेळाडूंच्या काही टीममध्ये मुसलमान खेळाडू घातले, २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. टीममधल्या मुसलमानांशी वागणं सुधारलं, अनोळखी मुसलमानांबद्दल फारसं बदललं नाही. लोक म्हणाले मग काय उपयोग. मला तर हे पुरेसं वाटतं, अख्ख्या शहराचं मन वळवायचंच नाहीये, १ वाल्याला समोरच्या गल्लीत आपला गोलकीपर राहतो एवढं आठवलं आणि त्याचा २ झाला तरी शिडी तुटली. मॅट लो या संशोधकानं उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या पोरांना घेऊन क्रिकेटच्या लीग भरवल्या, तिथं एकाच टीममधल्यांची दोस्ती वाढली पण विरुद्ध टीममध्ये खेळून फायदा दिसला नाही, काही बाबतीत उलटंच झालं. हा दुसरा निष्कर्ष कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून मॅच बघितलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.