अँग्युलर की रिअ‍ॅक्ट: खानदेशातल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडची पोरं डिप्लोमा किंवा एमसीए आटोपून पुण्याची गाडी धरण्याआधी कुणा ना कुणा सीनियरला गाठतातच: "भो, फ्रेमवर्क कोणतं शिकू?" फ्रेमवर्क म्हणजे वेब-अ‍ॅप्लिकेशन बांधायचा तयार सांगाडा, आणि ब्राउझरमधल्या कामासाठी निवड बहुधा अँग्युलर की रिअ‍ॅक्ट अशी असते. शिकलेलं वाया तर जाणार नाही ना, ही धास्ती त्या प्रश्नात असते. तिचं मूळ बरंचसं अँग्युलरच्या कर्त्यांनी २०१४ साली घेतलेल्या एका निर्णयात सापडतं.

त्याआधी निवड अशी नव्हतीच. झॅम्प (आपल्याच संगणकावर सर्व्हर चालवणारं पॅकेज) टाकायचं, पीएचपी भाषा आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर प्रोजेक्ट उभा करायचा, जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची फाइल जोडायची आणि व्हायव्हा उरकायचा. सर्व्हरच्या बाजूला रेल्स, जँगो, पुढे लाराव्हेल ही फ्रेमवर्कं आली, पण ब्राउझरमधल्या कामाला जेक्वेरी पुरत असे.

२०१० मध्ये अँग्युलरजेएस (अँग्युलरची पहिली आवृत्ती) आलं आणि शिकणाऱ्याला ते पटकन आवडायचं. एकच एचटीएमएल फाइल, वर एक स्क्रिप्ट टॅग. इनपुटच्या चौकटीला एनजी-मॉडेल या खुणेने एक नाव लावायचं आणि खाली दुहेरी महिरपी कंसात तेच नाव लिहायचं. 'भुसावळ' टाइप करायला घेतलं की अक्षर न् अक्षर खाली उमटत जाई. हेच जेक्वेरीत करायचं तर इव्हेंट पकडा, एलिमेंट शोधा, मजकूर बदला, एवढी यातायात. शिवाय फाइल पेनड्राइव्हवरून घरी आली की नेटचीही गरज नव्हती, आणि तेव्हाच्या आपल्याकडच्या नेटचा विचार करता ही सोय लहान नव्हती.

ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसच्या परिषदेत अँग्युलरच्या पुढच्या आवृत्तीचा आराखडा मांडला गेला. जे काढून टाकायचं त्याची पडद्यावर चक्क थडगी दाखवली होती: कंट्रोलर, स्कोप, मॉड्यूल हे अँग्युलरजेएसचे पायाभूत भाग, म्हणजे लोक जे घासून शिकले होते तेच. कारणं खोटी नव्हती. जुनं अँग्युलरजेएस प्रत्येक बदलानंतर पानाला जोडलेल्या मूल्यांच्या सगळ्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासत असे. नोंदी दोनेक हजारांवर गेल्या की पान रखडतं, असा अनुभव होता. जावास्क्रिप्टही बदलत होती. पण जुन्या कोडचं काय करायचं याचं धड उत्तर त्या दिवशी नव्हतं, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच झाली. जुनं-नवं एकत्र चालवायची वाट नंतर निघाली.

तोवर पाणी वाहून गेलं होतं. आधी अ‍ॅटस्क्रिप्ट नावाची भाषा ठरली, मार्च २०१५ मध्ये तिच्याऐवजी टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टवरच बेतलेली भाषा) आली. राउटर (पत्त्यानुसार पडदा बदलणारा भाग) पुन्हा पुन्हा लिहिला गेला. ऑगस्ट २०१६ मध्ये, आवृत्ती जवळपास तयार असताना, मॉड्यूलची नवी रचना आणली. पक्की आवृत्ती निघाली सप्टेंबर २०१६ मध्ये. एका स्क्रिप्ट टॅगच्या जागी आता नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) बसवा, 'एनपीएम इन्स्टॉल' ही पॅकेजं उतरवायची आज्ञा द्या आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शेकडो पॅकेजं उतरेपर्यंत थांबा. मार्च २०१७ मध्ये थेट चौथी आवृत्ती आली. राउटरचा आकडा आधीच तीनवर गेल्यामुळे तिसरी गाळली होती, बदलही किरकोळ होते. पण एकदा पोळलेल्यांना तो नुसता आकडाही पुरेसा होता.

या मधल्या काळाचा लाभ रिअ‍ॅक्टला झाला. मे २०१३ मध्ये त्याचा कोड सर्वांना खुला झाला तेव्हा जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखं लिहितात म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. २०१७ मध्ये त्याच्या परवान्यातल्या पेटंटच्या कलमावरून वाद पेटला, आणि एका मोठ्या ब्लॉग-प्रणालीने रिअ‍ॅक्ट सोडतो म्हटल्यावर आठ-दहा दिवसांत मालक कंपनी साध्या एमआयटी परवान्यावर आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स ही कोड लिहायची नवी पद्धत आली, तरी जुन्या पद्धतीचे क्लास आजही चालतात. २०१४ मध्ये अँग्युलरला हेच जमलं नव्हतं.

व्ह्यू या आणखी एका फ्रेमवर्कलाही दुसऱ्यावरून तिसऱ्या आवृत्तीवर जाताना थोडाफार असाच त्रास झाला, पण त्याची झळ इकडे फारशी लागली नाही. रिअ‍ॅक्टचंही सगळं स्थिर राहिलं असं नाही. नवशिक्याला पहिल्याच दिवशी ज्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप या तयार साधनाने सुरुवात करून देत, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघालं. नव्यांना आता नेक्स्टसारख्या फ्रेमवर्ककडे किंवा व्हीट या साधनाकडे वळवतात.

अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. त्यावर बांधलेली जुनी अ‍ॅप्लिकेशनं मात्र अजून सांभाळावी लागतात, आणि तेव्हा स्कोप-कंट्रोलर घोकलेल्यांना ते काम अधूनमधून मिळतं.