स्ट्रोक वाढवला, की रॉड लांब केला?

"लांब क्रँक टाकलाय" असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, क्रँक (पिस्टनला वरखाली हलवणारा फिरता दांडा) लांब की रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारी दांडी) लांब? "तेच की हो," उत्तर येतं. तेच नाही. या "तेच की"पायी दर हंगामात एखाद्या एटीव्हीचे (जाड टायरांच्या चारचाकी रानगाडीचे) व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, पिस्टन आपटून वाकतात आणि खापर फुटतं सुट्या भागांच्या दर्जावर.

सीसी वाढवायचे दोन मार्ग: बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास वाढवा, नाहीतर स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल. बोअरचं सांगत बसत नाही. स्प्लेंडरचं इंजिन उघडलेल्या कोणालाही ते पाठ असतं: बोअर ५०, स्ट्रोक ४९.५ मिमी, ९७.२ सीसी. एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घातला तर १०१ सीसी. हेड (सिलिंडरचं झाकण) आणि ब्लॉक (खुद्द सिलिंडर) उतरवा, लेथवाल्याकडे द्या, नवीन पिस्टन घाला, झालं.

आता पोरांच्या ११० सीसी एटीव्हीतलं चिनी आडवं इंजिन घ्या. होंडाच्या कब दुचाकीच्याच वळणाचं. बहुतेकांत बोअर ५२.४ आणि स्ट्रोक तोच, स्प्लेंडरचा ४९.५, म्हणजे १०६.७ सीसी. यात १२५ सीसी इंजिनाचा ५५.५ स्ट्रोकचा क्रँक बसवला की ११९.७ सीसी होतात, बोअरला हात न लावता. पुलिंग वाढतं ते यामुळे. त्यासाठी क्रँककेस, म्हणजे क्रँकची पेटी, मात्र दोन भागांत उघडावीच लागते.

खरी गल्लत आता येते. स्ट्रोक ६ मिमी वाढला म्हणजे पिस्टन ६ मिमी वर येतो, हा समज चूक. स्ट्रोक म्हणजे क्रँकपिन (रॉड जिच्यावर फिरतो ती पिन) क्रँकच्या मध्यापासून जितकी लांब, त्याच्या दुप्पट. ४९.५ च्या क्रँकमध्ये ती २४.७५ वर असते, ५५.५ च्या क्रँकमध्ये २७.७५ वर. फरक ३ मिमीचा. तेव्हा रॉड-पिस्टन तेच ठेवले तर पिस्टन वर ३ मिमी जास्त चढतो आणि खाली ३ मिमी जास्त उतरतो.

३ मिमी लांब रॉड टाकला तर? वरच्या टोकाला पिस्टन तेवढाच, ३ मिमी वर. खालच्या टोकालाही ३ मिमी वरच. सगळी चाल जशीच्या तशी वर सरकली, सीसी एका थेंबानंही वाढली नाही. हेड काढून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच चित्र दिसतं, ब्लॉकच्या वर ३ मिमी डोकावणारा पिस्टन, आणि तो ठोकून देतो की स्ट्रोक वाढलाय. अहो, क्रँक अर्धा फेरा फिरवा ना! व्हर्नियरच्या मागच्या पट्टीनं पिस्टन वर असताना एकदा आणि तळाला असताना एकदा माप घ्या. दोन मापांतला फरक हाच स्ट्रोक. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि ते न करणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

गोंधळाचं एक कारण दुकानातच आहे. क्रँकपिन दाबून बसवलेली असते, त्यामुळे क्रँक आणि रॉड जोडूनच मिळतात. स्ट्रोकबरोबर रॉडची लांबीही बदललेली असू शकते आणि डब्यावर नुसतं "१२५" छापलेलं असतं.

वर आलेल्या त्या ३ मिमीचं काय करायचं? लोकप्रिय उपाय म्हणजे ब्लॉकखाली ३ मिमीची प्लेट. मला तो बिलकूल पटत नाही. पिस्टन ३ मिमी खाली उतरतोय आणि प्लेटमुळे स्लीव्हचं (ब्लॉकमधल्या पिस्टनच्या नळीचं) खालचं तोंड ३ मिमी वर गेलंय. म्हणजे तळाला पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, आधीपेक्षा ६ मिमी जास्त उघडा पडतो. तिथे तो डुलतो आणि स्लीव्ह खातो. रॉड ३ मिमी आखूड करूनही हे ६ मिमी चुकत नाहीत, वर स्कर्ट क्रँकच्या वजनांना लागायची भीती. माझं मत पक्कं आहे: १२५ चा क्रँक घ्यायचा तर त्याच इंजिनाचा उंच ब्लॉक, पिस्टन आणि टायमिंग चेनही (क्रँकवरून हेडमधले व्हॉल्व्ह चालवणारी साखळी) घ्या. हेड ३ मिमी वर गेलं की चेनला दोन्ही बाजूंनी मिळून ६ मिमी जादा लागतात. चेनचा पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) ६.३५ मिमी, कड्या वाढवायच्या तर जोडीनंच, म्हणजे १२.७ मिमी. उरलेली ढील चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरनं घ्यायची. जुनीच चेन ओढूनताणून बसवणाऱ्यांनी ती कुठे तुटते ते सांगायला येऊ नये.

कॉम्प्रेशनही (आतली हवा किती पट दाबली जाते ते) चढतं, हे बरेच जण विसरतात. मूळ ९:१ असेल तर हेडमधली जागा साधारण १३.३ सीसी. उंची बरोबर जुळवून तेच हेड ठेवलं तरी आता १०:१ होतं. ८००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३.२ मीटरवरून १४.८ वर जातो. म्हणून लाँग स्ट्रोक करून वर जास्त आरपीएमची हौस करणाऱ्यांना मी बोअर करा म्हणतो.

क्रँककेसचे दोन भाग जोडले की हेड बसवण्याआधी क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. रॉडचं मोठं टोक आता ३ मिमी बाहेरून फिरतं. केसच्या भिंतीला टेकलं तर हाताला लगेच कळतं. हेड बसवताना पिस्टनवर मुलांची खेळायची माती थापा, हेड आणि चेन आवळून, प्लग काढून पुन्हा दोन फेरे द्या आणि मग उघडून व्हॉल्व्हच्या खुणांखाली माती किती जाड उरली ते ब्लेडनं कापून मोजा. किकनं तपासू नका.