क्यूला यू लागतोच असं नाही

हातात क्यू आला आणि यू नाही, म्हणजे १० गुणांचं ओझं घेऊन बसा, ही समजूत स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या पटावर जोडून शब्द बनवायचा खेळ, खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षं टिकून आहे. क्यूमागोमाग यू, हे आपण शाळेतच घोकलेलं असतं ना! पण तो नियम नव्हे, सवय. आणि तीही उसनी. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ची सुरुवात सी-डब्ल्यूने होई. १०६६ साली फ्रान्सकडून नॉर्मन इंग्लंडात आले आणि पुढे फ्रेंच वळणाने लिहिणाऱ्यांनी तिथे क्यू-यू बसवला.

बाहेरून आलेल्या शब्दांना ही सवय लागू नाही. अरबीतला घशातून काढायचा ‘क’ रोमन लिपीत क्यूने दाखवतात. म्हणून क्यू-ए-डी-आय म्हणजे चक्क आपला काजी. क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये तरतरीसाठी चघळतात तो पाला. सगळ्यात कामाचा मात्र क्यू-आय: उच्चार ‘ची’, अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या शब्दयादीत तो २००६ साली आला. आधीच पडलेला एखादा आय हेरायचा, त्याला क्यू चिकटवायचा, की सुटलात.

असले शब्द खेळासाठी बनवलेले असतात, असंही समोरचा हरायला लागला की ऐकवतो. तसं नाही. क्यू नसलेला, पण तितकाच विचित्र दिसणारा सी-डब्ल्यू-एम घ्या; त्यात ए-ई-आय-ओ-यूपैकी एकही नाही. वेल्श भाषेत डब्ल्यू हा स्वरही असतो, त्यामुळे उच्चार ‘कूम’. अर्थ, डोंगराच्या कुशीतली वाडग्यासारखी खोलगट जागा. एव्हरेस्टच्या दक्षिणेकडच्या वाटेवरचं ‘वेस्टर्न कूम’ ते हेच.