क्षयरुग्ण-नोंदणी, न्यूयॉर्क (लोअर ईस्ट साइड)

क्षयरुग्णांची नावे व पत्ते डॉक्टरांकडून मागवून त्यांच्या घरांवर आरोग्य खात्याने लक्ष ठेवण्याची पद्धत. न्यूयॉर्कमध्ये ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झाली आणि मॅनहॅटनच्या दक्षिणेकडील लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाट वस्तीत तिचा कस लागला.

अशा नोंदणीचा उगम वादग्रस्त आहे. इटलीतील लुक्का येथील १६९९ चा हुकूम बहुधा पहिला म्हणून दिला जातो. स्पेनमध्ये १७५१ च्या आणि नेपल्समध्ये १७८२ च्या सुमारास तत्सम हुकूम निघाले. नेपल्समध्ये रुग्णाची खबर न देणाऱ्या डॉक्टरला पहिल्या खेपेस तीनशे ड्यूकट (तेव्हाचे नाणे) दंड व पुन्हा तसे घडल्यास दहा वर्षे हद्दपारी होती. तथापि या हुकमांचा रोख मुख्यतः रुग्णाचे कपडे, अंथरूण व खोली यांवर होता. बेडक्याच्या (खोकल्यातून पडणाऱ्या कफाच्या) तपासणीने निदान पक्के करून हयात रुग्णाचा माग ठेवणे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जाहीर केल्यावरच शक्य झाले. म्हणून आधुनिक नोंदणीचा आरंभ न्यूयॉर्कपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. नॉर्वेचा १९०० चा देशव्यापी कायदा आणि इंग्लंडमधील शेफील्ड शहराची १९०३ ची सक्ती या दोन्ही गोष्टी नंतरच्या आहेत.

क्षय हा संसर्गजन्य व टाळता येण्याजोगा रोग आहे, असा अहवाल न्यूयॉर्क आरोग्य खात्याशी संबंधित डॉक्टर हर्मन बिग्ज व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १८८९ मध्ये आरोग्य मंडळाला दिला. १८९३ च्या अखेरीस किंवा १८९४ च्या आरंभी (संदर्भग्रंथांत दोन्ही वर्षे आढळतात) रुग्णालये व दवाखान्यांना नोंद सक्तीची आणि खासगी डॉक्टरांना ऐच्छिक करण्यात आली. १८९७ मध्ये ती सर्वांनाच सक्तीची झाली. वैद्यकीय संस्थांनी याला कडाडून विरोध केला. डॉक्टर-रुग्ण संबंधात सरकारी हात शिरतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यावर बिग्ज यांनी काढलेली तोड व्यवहारी होती. ठरलेल्या औषधांच्या दुकानांतून डॉक्टरने बाटली न्यावी, तीत रुग्णाचा बेडका भरून नाव, पत्ता, वय व धंदा लिहिलेल्या कागदासह परत ठेवावी, आणि खात्याच्या प्रयोगशाळेने ती फुकट तपासून निकाल कळवावा. निदानाची सोय घेताना नोंद आपसूक होत असे. खासगी डॉक्टरच्या रुग्णाकडे निरीक्षक सहसा जात नसे. रुग्ण दगावला किंवा घर सोडून गेला की मात्र खोलीचे निर्जंतुकीकरण केले जाई.

नोंदलेले पत्ते नकाशावर ठिपक्यांनी दाखवले जात. चेरी, कॅथरीन, हॅमिल्टन व मार्केट या रस्त्यांमधील इमारतींचा गट त्यामुळे ‘लंग ब्लॉक’ (फुफ्फुसाचा गट) म्हणून कुप्रसिद्ध झाला. लेखक अर्नेस्ट पूल यांनी १९०३ मध्ये सुमारे चार हजार वस्तीच्या या गटात नऊ वर्षांत २६५ रुग्ण नोंदले गेल्याचे दाखवले. खरा आकडा बराच मोठा असावा, असे तेव्हाच म्हटले जात होते.

हा आकडा वाचताना सावधगिरी हवी. क्षयाचा शिक्का बसला की नोकरी जाण्याची भीती असे आणि काही विमा करारांत रक्कमही बुडे. त्यामुळे ऐपतदारांचे डॉक्टर ‘ब्रॉंकायटिस’ किंवा ‘न्यूमोनिया’ असे मोघम कारण लिहीत, तर धर्मादाय दवाखान्यात जाणाऱ्या गरिबाला ती पळवाट नव्हती. भाडे थकल्याने बिऱ्हाड हलवणारी कुटुंबे एकतर दोनदा मोजली जात किंवा यादीतून निसटत. ठिपक्यांची दाटी रोगाइतकीच दवाखान्यांच्या व गरिबीच्या विस्ताराचीही निदर्शक आहे. रुग्णांना या देखरेखीबद्दल काय वाटत होते, याचे पुरावे मात्र तुरळक आहेत.

शहरातील क्षयमृत्यू घटण्याचे श्रेय कॉख यांच्यासह अनेकांनी नोंदणीला दिले. ब्रिटिश वैद्यक-इतिहासकार थॉमस मॅककिऑन यांनी पुढे राहणीमान व आहार यांना महत्त्व दिले, पण त्यांचा पुरावा प्रामुख्याने इंग्लंड व वेल्सचा आहे. घट नोंदणीपूर्वीच सुरू झाली होती, हे लक्षात घेता नोंदणीला सहायक कारण मानणारे मत अधिक ग्राह्य दिसते.